‘करू का?’ची वही: चौदा माणसांची कंपनी साठांची होताना

आमच्या ऑफिसात शनिवारी सकाळी पोहे यायचे. इंदूरच्या विजयनगरमधली दोन खोल्यांची जागा, चौदा माणसं, एक लांब टेबल. पोह्यांवर शेव, वरून जिरावण, शेजारी जिलबी, आणि खाता खाता आठवड्याचं सगळं ठरून जायचं. कुठल्या व्यापाऱ्याचं बिलिंग अडकलंय, सियागंजच्या घाऊक बाजारात जाऊन कोण बसणार, आधी नवीन फीचर की आधी जुना बग. त्याला कोणी मीटिंग म्हणत नसे.

दीड वर्षात आम्ही बासष्ट झालो. पोहे तेव्हाही यायचे, पण बासष्ट पुड्या, त्यातल्या अर्ध्या गार. जो तो आपली पुडी उचलून जागेवर जायचा आणि हेडफोन लावायचा. आमच्या दोन फाउंडरपैकी एक जण एकदा वैतागून म्हणाले, “आपलं कल्चर संपलं.” मलाही तेव्हा ते पटलं होतं. नंतर हळूहळू लक्षात आलं की टेबलावरून उठून गेले होते ते निर्णय. ते आता फाउंडरच्या गाडीत, एअरपोर्टच्या वाटेवर, मर्जीतल्या दोघांसोबत व्हायचे. उरलेल्यांना तीन दिवसांनी कळायचे, तेही प्रत्येकाला वेगळे.

मी त्या कंपनीत ऑपरेशन्स बघत होते आणि पुढे नाइलाजाने एचआरही. किराण्याच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि ऑर्डरचं ॲप होतं. आता इंदूरातल्याच लहान कंपन्यांची घडी बसवायला मदत करते. पंधरा ते ऐंशी माणसांच्या मधल्या चढावर ज्यांना धाप लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कल्चर’ म्हणून जे दुखतं, त्यातलं बरंचसं ‘हे कोणी ठरवायचं’ हेच न ठरल्यामुळे दुखत असतं. भिंतीवर मूल्यं रंगवून आणि मांडवला ऑफसाइट काढून ते बरं होत नाही. (मांडवला जरूर जा. पावसाळ्यात जा. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.)

आधी थोडं गणित

सियागंजातली एखादी जुनी पेढी बघा. शेठ गादीवर, मुनीम शेजारी, सहा-सात माणसं मालाजवळ. कुणाला किती उधार द्यायचं, कुणाचा चेक परत आला होता, हे सगळं शेठच्या डोक्यात असतं. कागदावर एक नियम नसतो आणि तरी पेढी पिढ्यानपिढ्या चालते, कारण प्रत्येक माणूस शेठच्या हाकेच्या अंतरावर असतो. आपली स्टार्टअपं सुरुवातीला अशीच चालतात, आणि छान चालतात.

आठ माणसांमध्ये दोघादोघांच्या जोड्या किती? अठ्ठावीस. चौदांमध्ये ९१. साठांमध्ये १,७७०. माणसं चौपट होतात तेव्हा बोलण्याच्या वाटा जवळजवळ वीसपट होतात. चौदा जणांत ‘सगळ्यांना माहीतच आहे’ हे वाक्य बऱ्यापैकी खरं असतं. साठ जणांत ते कधीच खरं नसतं, फक्त बोलणाऱ्याला तसं वाटत असतं. म्हणून ‘पूर्वी कसं न सांगता व्हायचं’ म्हणत उसासे टाकू नका. पूर्वी टेबल एक होतं म्हणून व्हायचं.

पायरी १: पाच दिवस वही ठेवा

कुठलाही बदल करण्याआधी मोजा. साधी शंभर पानी वही घ्या. फाउंडरच्या जवळ बसणाऱ्या एका माणसाकडे ती द्या आणि सोमवार ते शुक्रवार कोणी फाउंडरला “करू का?” असं विचारलं की नोंद करा. तोंडी विचारलेलं, व्हॉट्सअॅपवर विचारलेलं, जिन्यात गाठून विचारलेलं, सगळं. रकाने पाच: वेळ, कोणी विचारलं, काय विचारलं, उत्तर काय मिळालं, आणि उत्तर येईपर्यंत काम किती वेळ थांबलं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, फाउंडरने त्या आठवड्यात शहाण्यासारखं वागायचं नाही, नेहमीसारखंच वागायचं. दुसरं, ‘बघतो’ हे उत्तरही लिहायचं. किंबहुना तेच आवर्जून लिहायचं. ‘हो’ म्हटलं तर काम होतं, ‘नाही’ म्हटलं तर माणूस दुसरी वाट शोधतो. ‘बघतो’ म्हटलं की काम फाउंडरच्या नावावर चढतं आणि तिथेच झोपतं.

आमच्या वहीची पाच दिवसांत अकरा पानं भरली. त्यातली एक नोंद मला अजून तोंडपाठ आहे. शुक्रवारी सकाळी अकराला एका व्यापाऱ्याचे १,८०० रुपये दोनदा कापले गेले. चूक उघड आमची. सपोर्टमधल्या मुलीने फाउंडरला मेसेज टाकला, “सर, रिफंड कर दूँ?” सर मुंबईत इन्व्हेस्टरसमोर बसलेले, फोन बंद. संध्याकाळी सहापर्यंत त्या व्यापाऱ्याचे अकरा फोन आले. मग त्याने व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं की हे लोक पैसे खातात. रात्रीपर्यंत आणखी चौघांनी आपापले हिशेब तपासायला मागितले.

मी तिला विचारलं, “अगं, रिफंडला कोणी मनाई केली होती का तुला?” नव्हती. मग थांबलीस का? तर आठ महिन्यांपूर्वी तिने एका ग्राहकाला पाचशेची सूट दिली होती आणि फाउंडर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पैसे क्या पेड़ पे उगते हैं?” ते स्वतः हे केव्हाच विसरले होते. तिच्या टीममधल्या सहाही जणांना मात्र ते लख्ख आठवत होतं, त्यातले दोघे तर त्या दिवशी कंपनीतही नव्हते.

वही भरली की एका बैठकीत फाउंडरसमोर ठेवा आणि गप्प बसा. भाषण करायची गरज पडत नाही.

पायरी २: तीन खाने पाडा

वहीतली प्रत्येक नोंद तीनपैकी एका खान्यात टाका: न विचारता करा, करून सांगा, विचारून करा.

कसोटी रकमेची नाही, उलटवता येण्याची आहे. निर्णय चुकला तर तो दुसऱ्या दिवशी मागे घेता येतो का, आणि त्याला किती पैसे पडतात? रिफंड, मीटिंगची वेळ, सुट्टी, किरकोळ खरेदी, बगांचा क्रम हे पहिल्या खान्यात. वेगळा दर देऊन ग्राहक घेणं, रिलीजची तारीख एका आठवड्याने हलवणं हे दुसऱ्यात. माणूस घेणं, माणूस काढणं, वर्षभराचा करार, ग्राहकाच्या डेटाला हात लावणारं काहीही, हे तिसऱ्यात.

मग आकडे टाका. आकड्यांशिवाय ‘तुम्हाला मोकळीक आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. मोकळीक किती, हे अंदाजाने ओळखताना माणूस नेहमी कमीच धरतो. आम्ही ठरवलं: सपोर्टमधल्या कोणीही ५,००० रुपयांपर्यंतचा परतावा न विचारता द्यावा, टीम लीडने २५,००० पर्यंत द्यावा आणि त्याच दिवशी शीटमध्ये लिहावं. तुमचे आकडे वेगळे असतील. बसवायची युक्ती अशी की हा निर्णय महिन्यातून चारदा चुकला तरी झोप उडणार नाही, इतका आकडा धरा.

तिसऱ्या खान्याला मुदत लागते आणि नेमकं हेच सगळे गाळतात. विचारणाऱ्याने नुसता प्रश्न टाकायचा नाही, आपला प्रस्ताव लिहायचा: ‘मी अमुक करणार आहे, कारण तमुक.’ चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर प्रस्ताव मंजूर. माणसं घेणं-काढणं आणि डेटा, एवढे दोन विषय याला अपवाद ठेवा. आमच्या फाउंडरला हे ऐकून घाम फुटला होता. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं ‘बघतो’ निम्म्यावर आलं, कारण आता बघितलं नाही तर काम होऊन जाणार होतं.

कागद तयार झाला म्हणजे झालं असं समजू नका. पहिली चूक होईल त्या दिवशी खरी परीक्षा. आमच्याकडे तिसऱ्याच आठवड्यात एका मुलाने ४,८०० रुपये परत दिले आणि व्यापारी खोटं बोलत होता. फाउंडरनी मोठ्या ग्रुपवर टाकलं, “ये किसने किया?” मी धावत केबिनमध्ये गेले. म्हटलं, हा मेसेज आत्ता काढा, नाहीतर तो कागद फाडून टाका, दोन्हीतलं एक करा. त्यांनी मेसेज काढला, त्या मुलाला आत बोलावलं आणि विचारलं, “तुला काय दिसलं असतं तर तू हे दिलं नसतंस?” तर त्याच्या स्क्रीनवर पेमेंटचं स्टेटस दिसतच नव्हतं. दोन दिवसांत ते दिसायला लागलं. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी मेसेज गायब झाल्याचं पाहिलं होतं. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच झाली.

पायरी ३: फाउंडर दोन असतील तर शेवटचा शब्द वाटून घ्या

दोघे मित्र, दोघांचे शेअर सारखे, आणि दोघेही सगळ्यात लक्ष घालतात. अशा ठिकाणी लोक फार लवकर शिकतात की एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जायचं. घरात मुलं आई-बाबांना खेळवतात तसंच.

उपाय सोपा आहे, गिळायला कठीण आहे. विषयांची यादी करा (प्रॉडक्ट, विक्री, भरती, पैसा, दर) आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. दुसऱ्याने मत द्यावं, वाद घालावा, पण शब्द त्या एकाचा. ही यादी सगळ्या कंपनीला दाखवा. लपवलेली यादी म्हणजे यादी नाहीच.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. आमचे दोन्ही फाउंडर मराठी. मीटिंग हिंदीत चालायची, आणि जरा तापली की दोघे मराठीत शिरायचे. त्यांना वाटायचं आपण खासगीत बोलतोय. इंदूरात मराठी बोलून गुपित राहतं, हा गैरसमज कुठून येतो मला कळत नाही. समोर बसलेल्या निम्म्यांचं बालपण रामबागेत नाहीतर लोकमान्यनगरात मराठी शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलेलं असतं, त्यांना अक्षर न् अक्षर कळतं. उरलेल्यांना कळत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. पुढे पुढे बाहेर बोललं जायला लागलं की मराठी असशील तर इथे वर चढशील. ते खरं नव्हतं, पण तसं दिसत होतं. नियम करा: मीटिंग ज्या भाषेत सुरू झाली त्याच भाषेत संपेल. भांडायचं असेल तर दोघांनी बाहेर जाऊन मनसोक्त मराठीत भांडा.

पैशाबद्दलही तेच. होळकरांच्या राज्यात खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) वेगळी होती आणि दौलत (राज्याचा पैसा) वेगळी. अहिल्याबाईंनी देशभर घाट-मंदिरं बांधली ती खासगीतून. आपल्या ऑफिसचा मुलगा फाउंडरच्या आईची औषधं आणायला जातो, कंपनीचा ड्रायव्हर पोरांना शाळेत सोडतो, तेव्हा कोणी तोंडाने काही म्हणत नाही. पण मार्चमध्ये ‘यंदा इन्क्रीमेंट जरा कमी आहे’ असं ऐकताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ती गाडी उभी राहते.

पायरी ४: मॅनेजर बनवण्याआधी दोनदा विचारा

आमचा सगळ्यात हुशार डेव्हलपर. त्याला टीम लीड केला, कारण पगार वाढवायला दुसरा जिना नव्हता आणि त्याच्या घरी लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, “हाताखाली किती माणसं आहेत?” सहा महिन्यांत काय झालं? तो दिवसभर मीटिंगमध्ये आणि रात्री दीडपर्यंत पोरांचं कोड स्वतः नव्याने लिहीत बसलेला. पोरं सकाळी येऊन बघायची तर त्यांचं काम पुसलेलं. त्यातली दोघं सोडून गेली आणि तोही चिडचिडा झाला. चूक त्याची नव्हती, आमची होती.

म्हणून जिने दोन ठेवा. एक माणसं सांभाळणाऱ्यांचा, एक कामातल्या उस्तादांचा, आणि दोन्हींवर वरपर्यंत सारखा पगार. ज्याला मॅनेजर करायचं त्याला आधी तीन महिने दोन माणसं द्या आणि बघा. जमलं नाही तर मान खाली न घालता परत येता येईल, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगा. एका माणसाकडे सहा ते आठांहून जास्त थेट माणसं देऊ नका. आमच्याकडे एकाकडे एकोणीस होती. तो त्यांना नावाने ओळखायचा, इतकंच.

मॅनेजरकडून मी फक्त एक गोष्ट सक्तीने मागते: प्रत्येकासोबत दर आठवड्याला अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. कामाचा रिपोर्ट घ्यायचा नाही, तो शीटमध्ये दिसतोच. विचारायचं ते असं:

– कुठे अडलंय, आणि कोणामुळे?
– या आठवड्यात माझ्यामुळे तुझं काम कुठे अवघड झालं?
– कोणी मदत केली का? (या उत्तरातून कळतं की कंपनी खरं कोण चालवतंय.)

पहिले तीन आठवडे ‘सब बढ़िया है’ हेच ऐकू येईल. चालू ठेवा. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस बोलतो. केबिनमध्ये समोरासमोर बसलं की आपल्याकडची पोरं आखडतात, म्हणून मी अनेकदा मेघदूत उपवनात चालत चालत बोलले. शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघावं लागत नाही. वेळ टाळावी लागली तर दुसऱ्या दिवशी घ्या, रद्द करू नका. दोनदा रद्द झालं की समोरचा समजून जातो आपला नंबर कितवा आहे.

पायरी ५: भरतीचा वेग आवरा

फंडिंग आलं की माणसं भरायची घाई सुटते. माझं मत: तिमाहीला टीमच्या एक तृतीयांशाहून जास्त नवीन माणसं घेऊ नका. नव्यांना शिकवणारे जुने उरायला हवेत.

ओळखीतून येणारे चांगलेच असतात, पण आमच्या सपोर्टमधले निम्मे भंवरकुआंच्या एकाच क्लासचे दोस्त होते. त्यातल्या एकाला सोडावं लागलं तर पुढच्या महिन्यात चार राजीनामे. एकाच झऱ्याचं पाणी भरू नका. नातेवाईक घ्यायचा तर घ्या, पण त्याचा मॅनेजर नातेवाईक नको. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपलं मत इतरांचं ऐकण्याआधी लिहून द्यावं, नाहीतर मोठ्या साहेबांच्या मागे सगळे ‘हो हो, मलाही आवडला’ म्हणतात.

बाहेरून मोठ्या पगारावर आणलेल्या माणसाला पहिला महिना निर्णय देऊ नका, ऐकायला लावा. आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका मॅनेजरने मोठं रिलीज ठेवलं नेमकं रंगपंचमीला. त्याच्या हिशेबी धुळवड होऊन गेलेली, सण संपला. त्या दिवशी इंदूरात राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, सगळं गाव रंगात असतं. अर्धी टीम गुलाबी तोंडाने दुपारी तीनला उगवली आणि व्यापाऱ्यांची दुकानं बंद होती ती वेगळीच.

पायरी ६: पगाराची यादी प्रिंटरवर सापडेल असं धरून चाला

आमची खरंच सापडली. कुणीतरी प्रिंट दिली आणि उचलायला विसरलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की तीन वर्षं जुन्या मुलाला २६,००० आणि बेंगळुरूहून परतलेल्या नव्याला त्याच कामाचे ४१,०००. त्या दिवशी डबे उघडले, पण बोललं कोणी नाही.

प्रत्येक कामाच्या तीन-चार पातळ्या लिहा, प्रत्येकीचा किमान आणि कमाल पगार लिहा, मग आजची माणसं त्यावर बसवून बघा. जे किमानाच्या खाली निघतील त्यांना पुढची भरती करण्याआधी वर आणा. पैसे नसतील तर भरती थांबवा. इन्क्रीमेंटची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा आणि पाळा. राजीनामा टेबलावर ठेवणाऱ्यालाच वाढ मिळते, हे एकदा लोकांना कळलं की टेबलावर राजीनामेच येत राहतात.

ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क (ऑप्शन), देत असाल तर खरं समजावून सांगा, स्वप्न विकू नका. दिल्यापासून किमान एक वर्ष तरी ते हातात येत नाहीत, कंपनी कायद्याच्या नियमांतच तसं आहे, आणि बहुतेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात. समजा, कोणाकडे १,००० ऑप्शन आहेत, १० रुपयांनी शेअर घ्यायचा आहे आणि घेण्याच्या दिवशी किंमत २०० ठरली. मधले १९० गुणिले हजार, म्हणजे १,९०,००० रुपये त्याच्या पगारात धरून त्यावर कर लागतो. शेअर विकलेला नसताना. प्रायव्हेट लिमिटेडचा शेअर बाजारात जाऊन विकताही येत नाही. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे. आपली कंपनी त्यात बसते का, हे सीएला विचारा आणि उत्तर लेखी सगळ्यांना द्या.

पायरी ७: दहा, वीस, पन्नास

हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, कारण वाढीच्या धांदलीत ते कधी ओलांडले हे कळत नाही.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, या विषयाची जाण असलेला. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीच नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ट्रेनी आणि कंत्राटी माणसंही यात मोजली जातात. बाहेरचा सदस्य म्हणून फाउंडरचे मेव्हणे नेमलेली कंपनी मी पाहिली आहे. तिथे एकही तक्रार आली नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दहालाच ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतं (महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी) आणि ग्रॅच्युइटीही. वीसला पीएफ. पन्नासला पाळणाघराची सोय. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, आणि ती उपकार म्हणून सांगायची नसते.

पायरी ८: नंबर आणणारा उद्धट माणूस

प्रत्येक वाढत्या कंपनीत एक असतो. आमचा विक्रीतला. महिन्याच्या विक्रीचा मोठा वाटा त्याचा. एकदा व्यापाऱ्याच्या दुकानातून स्पीकरवर फोन लावून त्याने सपोर्टच्या मुलीला “दिमाग घर छोड़ के आई है क्या?” असं सुनावलं. व्यापारी हसला. तिने काम पूर्ण केलं आणि मग अर्धा तास जिन्यात बसून होती. मी गेले तर म्हणाली, “ताई, मी रडत नाहीये, पायऱ्या मोजतेय.”

आम्ही त्याला पाच महिने चालवून घेतलं. दर वेळी कारण तेच, ‘हा क्वार्टर होऊ दे.’ त्या पाच महिन्यांत सपोर्टमधून तीन माणसं गेली. तिघांनीही एक्झिट इंटरव्ह्यूत ‘पुढचं शिक्षण’ असं कारण दिलं.

करायला हवं होतं ते असं. घटना घडली त्याच दिवशी त्याला एकट्याला बोलावून नेमकं वाक्य सांगायचं. ‘तुझी वागणूक बरी नाही’ हे वाक्य माणूस झटकून टाकतो, ‘तू काल चार वाजता हिला हे शब्द बोललास’ हे झटकता येत नाही. त्याने तिची माफी मागायची, तिची हरकत नसेल तर टीमसमोर. मग लेखी नोंद. दोन आठवडे बघायचं. पुन्हा झालं तर काढायचं, क्वार्टर कुठलाही असो. शिवीगाळ बाईमाणसाला उद्देशून लैंगिक अंगाची असेल तर हा रस्ताच नाही, ते प्रकरण थेट समितीकडे जातं आणि तिथे मॅनेजरने मध्ये पडायचं नाही.

काढताना हिशेब अडकवू नका. वेतन संहिता, २०१९ मध्ये सोडून जाणाऱ्याचं किंवा काढलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची मुदत आहे. फुल अँड फायनलसाठी महिनोन्महिने फिरवलेला माणूस सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कुणाला भेटतो आणि काय बोलतो, हे इथे सगळ्यांना कळतं. गाव मोठं झालं असलं तरी ओळखी तेवढ्याच आहेत.

पायरी ९: वाईट बातमीला वाट

शुक्रवारी वीस मिनिटं सगळी कंपनी एकत्र. फाउंडरने तीन आकडे सांगायचे: बँकेत किती आहेत, महिन्याला कमाईपेक्षा किती जास्त जातात, म्हणजे किती महिने पुरतील. १ कोटी ८० लाख असतील आणि दरमहा १५ लाख कमी पडत असतील तर बारा महिने. लोक घाबरतील अशी भीती वाटते, पण ते आधीच घाबरलेले असतात आणि मनातला आकडा खऱ्याहून वाईट असतो.

निनावी तक्रारपेटी मला फारशी पटत नाही. एकदा उपयोगी पडते, मग तिचं भांडणाचं मैदान होतं. त्यापेक्षा फाउंडरने बुधवारी चिठ्ठ्या काढून कोणत्याही पाच जणांसोबत डबा खावा, आणि जेवताना आपण कमी बोलावं. दुसरी अट पाळणं बऱ्याच फाउंडरना शक्य होत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा वही

तीच वही, तेच रकाने, तेच पाच दिवस. पानं कमी झाली का ते बघा, आणि उरलेल्या नोंदी कुठल्या खान्यातल्या आहेत तेही. तिसऱ्या खान्यातल्या नोंदी राहणारच, त्या राहायलाच हव्यात. पहिल्या खान्यातलं कोणी अजून विचारत असेल तर त्या माणसाला कोणीतरी, कधीतरी झापलेलं असणार. ते कोण आणि कधी, एवढं शोधा.

आमच्या वहीची दुसऱ्या खेपेला चार पानं भरली. त्यातली दीड पानं शनिवारी पोहे कुठून मागवायचे यावरची होती. तो विषय आम्ही पहिल्या खान्यात टाकून पाहिला, तेव्हा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकशेवीस पुड्या आल्या.